अल्प खर्चातील टर्बोचार्जिंग : घरगुती इंजिनबांधणी आणि उष्णतेचा प्रश्न
(देवबागच्या किनारी परिस्थितीच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. मासेमारी व पर्यटन यांसाठी लागणाऱ्या होड्यांमुळे इंजिन खोलणे आणि जोडणे ही गोष्ट अशा किनारी गावांना नवी नाही. एखाद्या जुन्या मोटारीचे इंजिन घरच्या मांगरात खोलावे आणि भंगारातून मिळालेला टर्बोचार्जर बसवून त्याची शक्ती वाढवावी, हा विचार येथे कोणालाही सुचू शकतो. प्रस्तुत लेखात अशा बांधणीमागील तत्त्वांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. टर्बोचार्जर स्वस्तात मिळतो. पैसा आणि श्रम लागतात ते त्याने निर्माण केलेली उष्णता सांभाळण्यासाठी.

तत्त्व आणि गणित

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती या पद्धतीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. मोटारींच्या कितीतरी आधी टर्बो समुद्रावर स्थिरावला, हे किनाऱ्यावरील वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. जहाजाला थंडाव्यासाठी समुद्राचे अमर्याद पाणी उपलब्ध असते. मोटारीला केवळ वाऱ्यावर भागवावे लागते.

उदाहरणादाखल मारुती ८०० या मोटारीचे ७९६ घन सेंमी क्षमतेचे तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊ. ही मोटार १९८३ ते २०१४ या काळात तयार होत असल्याने तिचे सुटे भाग आजही विपुल आहेत. बाहेरचे तापमान ३२ अंश सेल्सिअस असताना वातावरणाहून ०.४ बार अधिक दाब दिल्यास हवा ४० टक्के अधिक मिळेल, अशी अपेक्षा असते. परंतु दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास तिचे तापमान सुमारे ८० अंशांवर जाते आणि घनतेतील प्रत्यक्ष वाढ जेमतेम २१ टक्के उरते. निम्मा लाभ उष्णतेनेच खाल्ला. मध्ये इंटरकूलर बसवून हवा ४६ अंशांपर्यंत उतरवली, तर हाच लाभ ३३ टक्क्यांच्या आसपास जातो. सबब मोठ्या टर्बोपेक्षा चांगला इंटरकूलर हाच शहाणपणाचा खर्च होय.

इंजिनाच्या आत

तप्त आणि दाबलेल्या मिश्रणाचा धोका म्हणजे नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनच्या कडा फुटतात. म्हणून कॉम्प्रेशन रेशो उतरवावा लागतो. मूळ प्रमाण ८.७ धरले, तर ते ८ वर आणण्यासाठी प्रत्येक सिलिंडरात सुमारे साडेतीन घन सेंमी जागा वाढवावी लागते. एक मिलिमीटर अधिक जाडीची हेड गॅस्केट बसवली की हे गणित सुटते आणि अनेक जण तसेच करतात. परंतु त्यामुळे पिस्टन व हेड यांमधील अंतर वाढते, मिश्रणाची घुसळण मंदावते आणि नॉकिंगची प्रवृत्ती पुन्हा बळावते. पिस्टनचा माथा लेथवर किंचित खोल करून घेणे अधिक चांगले, मात्र माथ्यात पुरेसा जाड धातू उरला पाहिजे. रिंगांच्या तोंडातील फट फीलर गेजने मोजून ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. ती अपुरी राहिल्यास तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि बोअर खरवडली जाते. ही मोजणी जवळजवळ फुकट आहे, तरीही तीच सर्वाधिक वगळली जाते.

भंगारात लहान डिझेल मोटारींचे टर्बो सहज मिळतात. त्यांचा आकार या इंजिनाला जुळण्यासारखा असला, तरी पेट्रोल इंजिनाचे उत्सर्जित वायू डिझेलपेक्षा बरेच अधिक तप्त असतात. पूर्ण भारावर ते ९०० अंशांच्या पुढे जातात. डिझेलसाठी घडवलेले चक्र व आवरण ते दीर्घकाळ सोसेलच असे नाही. म्हणून दाब कमी आणि मिश्रण इंधनसंपन्न ठेवणे क्रमप्राप्त ठरते. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल नॉकिंगला अधिक विरोध करते, हा एक फायदा. मात्र जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आधी बदलाव्या लागतात.

वाळू, खार आणि कायदा

टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्या वेगात देवबागच्या वाळूचा बारीक कण पात्यांची धार खातो, त्यामुळे एअर फिल्टर काढून ‘मोकळा श्वास’ देण्याची हौस येथे विशेष महाग पडते. खाऱ्या दमट हवेने अॅल्युमिनियमच्या इंटरकूलरच्या पाकळ्यांना खड्डे पडतात; तो गोड्या पाण्याने वारंवार धुणे आवश्यक ठरते. टर्बोच्या बेअरिंगमधून परतणारे तेल केवळ उताराने खाली येते. परतीची नळी रुंद, उभी आणि संपमधील तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली नसेल, तर तेल सीलमधून झिरपून निळा धूर येऊ लागतो आणि निर्दोष टर्बोच बदलला जातो.

याशिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. (तारकर्ली-देवबागच्या अरुंद रस्त्यावर ती वाढीव शक्ती वापरायची तरी कोठे, हा प्रश्न वेगळाच!) तेव्हा असे इंजिन लोखंडी स्टँडवर चालवून अभ्यासणे हाच योग्य मार्ग राहतो. तेथे जहाजाची सोयही परत मिळते : हवेचा इंटरकूलर बाजूला ठेवून जुना पाण्याचा कूलर लावावा आणि शेजारी गोड्या पाण्याचे पिंप ठेवून पंपाने पाणी फिरवावे. पाणी किती मिनिटांत किती अंश तापले याची नोंद ठेवली, तर दाबलेल्या हवेतून काढलेल्या उष्णतेचा हिशेब साध्या थर्मामीटरने मांडता येतो.