सुणें, उदक आणि चारशे चाळीस वर्षे

सासूबाई मडगावच्या, सासरे साताऱ्याचे. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात आमच्या घरी अनेक आमट्या थंड झाल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात ठरवले, निकाल गणिताने लावायचा.

गणित अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉदेश यांचे. किरणोत्सारी कार्बनवरून जुन्या लाकडाचे वय काढण्याची लिबी यांची पद्धत तेव्हा नवी होती. शब्दांचेही तसेच असावे, असे स्वॉदेश यांना वाटले. हात, डोळा, पाणी, आग, मरणे असे शब्द कोणताही समाज सहसा उसने घेत नाही. ते झिजतात, पण ठरावीक गतीने. १९५३ मध्ये रॉबर्ट लीस यांनी तेरा भाषांचे जुने-नवे लेखन ताडून ती गती मोजली. शंभर शब्दांच्या यादीसाठी पुढे आकडा स्थिरावला : हजार वर्षांत ८६ टिकतात. फारकतीनंतर झीज दोन्हीकडे होते, म्हणून हजार वर्षांनी समान शब्द उरावेत सुमारे ७४. समान शब्द मोजायचे आणि मागे जायचे. या पद्धतीला ग्लॉटोक्रोनॉलॉजी म्हणतात.

वही घेऊन सासूबाईंसमोर बसले. नाक, कान, हात, हाड, दोळो-डोळा, पावस-पाऊस. उच्चार नव्हे, मूळ एक असले की झाले. सुकणें आणि पाखरू, हळदुवो आणि पिवळा इथे सरळ फुल्या. मग कुत्रा आला. सासूबाई म्हणाल्या, ‘सुणें’. फुली मारली, आणि आठवले की जुन्या मराठीतही कुत्र्याला सुणेंच म्हणत. म्हणजे कोकणीने वेगळे काही केलेले नाही, शब्द टाकला आपण. गणिताला याचे सोयरसुतक नाही. फुली ती फुलीच. दगडाला कोकणीत फातर. आपण दगड म्हणतो खरे, पण पाथरवटात तो फातर बसलेलाच आहे. काय मोजावे? नियम सांगतो, रोजच्या वापरातला शब्द घ्या. मी घेतला, पण मन मानेना.

सर्वांत अडवले पाण्याने. कोकणीत ‘उदक’. शब्द जुना वाटतो, पण फसवतो. प्राकृताच्या वाटेने आला असता, तर त्यातले द आणि क झिजून गेले असते. ते शाबूत आहेत, म्हणजे संस्कृतातून नंतर उचललेला. उसना घेतला जात नाही असे ज्या यादीबद्दल सांगतात, तिच्यातला पाण्यासारखा शब्दच उसना!

अशा वादग्रस्त शब्दांची किंमत बघा. समान शब्द ८० धरले तर फारकत सुमारे ७४० वर्षांपूर्वीची, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आसपासची. ७० धरले तर ११८० वर्षांपूर्वीची. दहा शब्दांवर चारशे चाळीस वर्षे! श्रवणबेळगोळच्या ज्या शिलालेखावर दोन्ही भाषांचे अभिमानी हक्क सांगतात, तो या फटीत कुठेतरी पडतो. हवा तो निकाल काढायला मला दहाच शब्दांवर हात फिरवायला हवा होता.

गतीचेही तसेच. १९६२ मध्ये बेर्गस्लान आणि फोग्ट या नॉर्वेच्या अभ्यासकांनी दाखवले की, एकाच मुळातून आलेल्या आइसलँडिकने हजार वर्षांत शंभरांतले चारेक शब्द बदलले, तर नॉर्वेच्या लेखी भाषेने वीसपर्यंत. एक भाषा बेटावर राहिली, दुसरी डॅनिशच्या सहवासात. मराठी आणि कोकणी तर एकमेकींच्या अंगणातच राहिल्या. गोव्यात देवळातले कीर्तन मराठी आणि घरातले बोलणे कोकणी. त्यामुळे माझ्या वहीतले ‘समान’ शब्द वारशाने किती आणि शेजाराने किती, हे यादी सांगत नाही.

सासऱ्यांना ७४० हवे होते, सासूबाईंना ११८० सुद्धा कमी वाटले. कोकणी मराठीतून फुटली हेच त्यांना मान्य नाही. दोघींचा उगम एकाच प्राकृतात, असे म्हटले की मात्र त्या गप्प बसतात. मी दोघांना फादर स्टीफन्स यांचे उदाहरण दिले. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहून या इंग्रज धर्मगुरूने पुराण रचले ते मराठीत, आणि व्याकरण लिहिले ते कोकणीचे. १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलेले व्याकरण ही दोन्ही पुस्तके सासूबाईंनी माझ्या वहीत लिहून ठेवली, फुल्यांच्या पानाच्या पाठीमागे.