लवंग हुंगा, सुईचंही ऐका!

ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये जून 2020मध्ये हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय उघडलं. त्या दिवसांत हिंगाची डबी नाकाला लावून बघणं ही घरगुती तपासणीच झाली होती. कोविडने गेलेला बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. ज्यांच्या ताटातली सुकट आजही मुकीच आहे, त्यांच्यासाठी ही पोतडी.

बिघडलं काय? कोविडचा विषाणू मुख्यतः वास टिपणाऱ्या चेतापेशींना नव्हे, त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींना गाठतो. या पेशींचं अस्तर पुन्हा भरून येऊ शकतं. वासाच्या चेतापेशीही प्रौढपणी नव्याने तयार होतात. म्हणूनच आशा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

अॅक्युपंक्चरची सुई कुठे? नाकपुडीच्या अगदी शेजारी. गंमत म्हणजे चिनी वैद्यकात हा बिंदू मोठ्या आतड्याच्या वाहिनीवर येतो! ही वाहिनी तर्जनीच्या नखाशी सुरू होते, हातावरून चढते, वरच्या ओठावर बाजू बदलते आणि पलीकडच्या नाकपुडीशी संपते.

गुण येतो? विषाणुसंसर्गानंतर वास गेलेल्यांवर जर्मनीत कोलोनला प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे दहा आठवडे सुया टोचल्या. 15 पैकी 8 जण सुधारले. ब जीवनसत्त्व घेतलेल्या 15 पैकी फक्त 2. निष्कर्ष 2010मध्ये प्रसिद्ध झाले. हुरूप येतो खरा, पण माणसं मोजकी आणि काळ कोविडच्या आधीचा. शिवाय असा गेलेला वास आपोआपही परततो. तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग जोडीला सुई.

नाकाचा रियाज: याला आधार अधिक भक्कम आहे. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009मध्ये चार वास सुचवले: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास दहाएक सेकंद, बारा आठवडे. हुंगताना तो वास आठवत राहायचा. लवंग-लिंबू तर घरातच असतं.

कांदा कुजका लागतो? कॉफी, लसूण, परतलेला कांदा यांचा भलताच वास येणं त्रासदायक खरं, पण बऱ्याचदा हा बरं होण्याच्या वाटेवरचाच टप्पा असतो.

सुईचा सोलापूरशी धागा: 1938मध्ये भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसूही. कोटणीस 1942मध्ये तिथेच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांचं शास्त्र शिकले आणि 1959मध्ये कोलकात्यात उपचार करू लागले. आज महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी कायदा आहे, परिषद आहे. उपचारकाचा नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. सुया नव्या आणि सीलबंद आहेत ना, तेही बघा.

आणि हे आजच करा: वास येत नसेल तर गॅसगळतीही कळत नाही. स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर बसवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून डिटेक्टर जमिनीलगत लावा.