तोक्योतल्या बाल्कनीत कारलं

तोक्योच्या एदोगावा भागातलं निशिकासाई म्हणजे भारतीयांची जुनी वस्ती. इथल्या आमच्या बाल्कनीत मोजक्या लांबट कुंड्या मावतात, तरी भाजी होते. आधी जागा बघा. आपल्या आणि शेजारच्या बाल्कनीमधला पातळ आडोसा ही आपत्तीत फोडून निसटायची वाट असते. त्याच्यापुढे कुंडी ठेवायची नाही.

नवख्यांना मी कोमात्सुना सुचवते. ही पालेभाजी मूळची याच एदोगावाची. उन्हाळ्यात महिन्याभरात काढणीला येते. लसूण-मिरचीची फोडणी दिली की आपलीच वाटते. पेरल्या दिवशीच कुंडीवर बारीक जाळी टाका, नाहीतर अळ्या आपल्याआधी जेवतात. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि उकाडा ओसरल्यावर सप्टेंबरअखेर पेरा.

कारल्याची रोपं मेच्या सुरुवातीला लावा. पाच-सहा पानं आली की शेंडा खुडा. बाजूच्या फुटव्यांना मादी फुलं जास्त येतात. दक्षिणेच्या खिडकीपुढे वेल जाळीवर चढवला की घरात सावलीही येते. जूनच्या पावसात निचरा सांभाळा, वादळाचा इशारा मिळाला की कुंड्या आत घ्या. जुनी माती टाकू नका. पुष्कळ ठिकाणी पालिका ती कचऱ्यात घेतच नाही. मुळं चाळून काढा, माती उन्हात तापवा, कंपोस्ट मिसळा आणि पुन्हा पेरा.