ॲपमधलं ‘डाऊनलोड’ आणि खरं डाऊनलोड : गाणी कायदेशीरपणे कुठून घ्यायची?

गेल्या गणपतीत भर दुपारी आत्याचा फोन आला. आत्या राहते अंधेरीत, मरोळला, पण गणपती असतो कुडाळ तालुक्यातल्या गावच्या घरी. तिथे रेंज फक्त घरामागच्या कातळावर येते. तिथूनच बोलत होती. “अरे, आरत्या-भजनं सगळी डाऊनलोड करून आणली होती ना आपण? आता सगळी राखाडी दिसतायत. दाबलं तरी वाजत नाहीत, पैसे भरा म्हणतंय.”

डाऊनलोड मीच करून दिलं होतं. घरच्या वाय-फायवर, चौदाच्या चौदा, प्रत्येकासमोर खूण आलेली बघून. मध्यंतरी तिचं डेबिट कार्ड बदललं, जुन्या कार्डावरून दरमहा जाणारे पैसे थांबले आणि सबस्क्रिप्शन संपलं. कातळावरच्या रेंजमध्ये यूपीआय काही पुढे सरकेना. आरत्या काय, घरात सगळ्यांना पाठ आहेत. पण रात्री लावायची भजनं राहिली ती राहिलीच. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आणि ‘डाऊनलोड’ म्हणजे काय हे घरच्याच माणसाला सांगितलं नव्हतं, हे मला लागलं. म्हणून हा लेख.

फाईल तुमच्या फोनमध्ये, किल्ली त्यांच्याकडे

स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक यांच्या सबस्क्रिप्शनमध्ये आपण गाणं ‘डाऊनलोड’ करतो तेव्हा फाईल फोनमध्ये येते हे खरं. पण ती कुलूपबंद येते. गाण्याचा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, तो उघडायची डिजिटल किल्ली लायसन्सबरोबर येते आणि त्या लायसन्सला मुदत असते. या सगळ्या व्यवस्थेला डीआरएम म्हणतात. ॲप मधूनमधून सर्व्हरला विचारतं, की या माणसाचं सबस्क्रिप्शन चालू आहे ना? स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाईन यावं लागतं, नाहीतर पैसे भरलेले असूनही उतरवलेली गाणी वाजत नाहीत.

थोडक्यात, हे भाड्याचं घर आहे. त्यात गैर काही नाही, मी स्वतः रोज मेट्रोत असंच ऐकतो. फक्त भाड्याच्या घराला आपलं घर समजू नये.

फरक ओळखायची सोपी कसोटी अशी: ते गाणं पेनड्राईव्हवर टाकून गाडीतल्या स्टिरिओवर वाजतं का? वाजलं तर फाईल तुमची. फाईल मॅनेजरमध्ये गाणं सापडतच नसेल, किंवा विचित्र नावाचे तुकडे दिसत असतील, तर ते भाड्याचं.

आणि घरमालकही दुकान बंद करतात. रेसो भारतात जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलचं विंक म्युझिकही गेलं. ॲप गेलं की त्यातली डाऊनलोड्सही गेली. आता याच्या उलट उदाहरण बघा. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं एमपी३ विकणारं दुकान काढलं होतं. तेही जून २०१३ मध्ये बंद पडलं, जेमतेम सव्वा वर्षात. पण तिथल्या फाईलींना कुलूप नव्हतं. ज्यांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या, त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. दुकान टिकेल की नाही हे आपल्या हातात नाही, फाईल कुठली घ्यायची हे आहे.

मग विकत कुठे मिळतं?

खरं सांगायचं तर पर्याय कमी आहेत. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. ॲपल म्युझिक वेगळं आणि हे वेगळं, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आयट्यून्स स्टोअरमध्ये गाण्यासमोर किंमत दिसते, एकदाच पैसे भरायचे. मिळते ती २५६ केबीपीएसची एएसी फाईल, कुलूप नसलेली. आयफोन हवाच असं नाही, विंडोजवर आयट्यून्स टाकून घेता येतं आणि भारतातल्या ॲपल खात्याला यूपीआय जोडता येतो. एकच अडचण: जुने कार स्टिरिओ बहुतेक वेळा फक्त एमपी३ ओळखतात. आयट्यून्समध्येच एमपी३ मध्ये रूपांतर करायची सोय आहे. पेनड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर स्टिरिओ तो बघतच नाही.

दुसरं बँडकॅम्प. इथे कलाकार स्वतः विकतात. एमपी३ पासून फ्लॅकपर्यंत हवा तो फॉरमॅट निवडता येतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं. स्वतंत्र बँड किंवा नवे प्रयोग करणारे कलाकार ऐकत असाल तर आधी इथे बघा. आत्याची भजनं इथे सापडण्याची आशा मात्र धरू नका.

तिसरा मार्ग जुनाच, सीडी. विकत घेतलेली सीडी कॉम्प्युटरवर उतरवून स्वतःच ऐकणं वेगळं आणि त्याच्या प्रती वाटणं वेगळं. स्वतःच्या खासगी वापराला कॉपीराइट कायद्यात जागा आहे, वाटपाला नाही. ॲपमधल्या गाण्याचं कुलूप तोडून देणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. २०१२ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एमबीचा हिशेबही सांगून टाकतो. ३२० केबीपीएस म्हणजे मिनिटाला सुमारे २.४ एमबी, पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. फोनच्या स्पीकरवर किंवा गाडीत ऐकायला एवढं भरपूर झालं, फ्लॅकचा हट्ट नको.

‘आरती तर कोणाचीच नाही, मग पैसे कसले?’

आत्याने नंतर हे विचारलंच. प्रश्न रास्त आहे. गणपतीची प्रसिद्ध आरती समर्थ रामदासांची मानतात, म्हणजे शब्द सतराव्या शतकातले. त्यांच्यावर कोणाचाही कॉपीराइट नाही. पण स्टुडिओत गाऊन, वाजवून केलेलं रेकॉर्डिंग ही वेगळी वस्तू. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. पुणे आकाशवाणीवर ते १९५५-५६ मध्ये आलं, म्हणून ‘जुनं आहे, फुकट असणार’ असं वाटतं. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चालींवरचा २०६२ पर्यंत. त्यामुळे इंटरनेट आर्काइव्हसारख्या साईटवर जुनं मराठी गाणं दिसलं की लगेच ते मोकळं आहे असं धरू नका. तिथे कोणीही काहीही अपलोड करू शकतं.

हे हक्काचे पैसे जातात कुठे? गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे आणि तिचं ऑफिस आपल्या अंधेरी पश्चिमेलाच, न्यू लिंक रोडवर. लेखक-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा लिहून देऊन टाकायला लावता येणार नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीनेच पक्कं केलं.

‘फ्री ३२० केबीपीएस’ वाल्या साईट्स ओळखणं अवघड नाही. पत्ता दर काही महिन्यांनी बदलतो, एका क्लिकला तीन जाहिराती उघडतात आणि फाईलमध्ये कलाकाराच्या नावाच्या जागी साईटचं नाव असतं. कितीदा तर ३२० सुद्धा खोटं असतं, १२८ ची फाईल फुगवलेली. ‘स्पेक’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज कापलेला दिसतो. आणि गाण्याऐवजी एपीके फाईल उतरायला लागली, तर तिथेच थांबा.

आत्याच्या चौदांपैकी नऊ आयट्यून्सवर मिळाली. फोनमध्ये, पेनड्राईव्हवर आणि माझ्या हार्ड डिस्कवर अशा तीन प्रती ठेवल्यात. तीन सापडली नाहीत, ती सबस्क्रिप्शनवर ऐकते, आणि गावी जायच्या आदल्या आठवड्यात मी प्लॅनची तारीख बघतो. उरलेल्या दोन आरत्या तिने मरोळच्या घरी बसून फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःच म्हटल्या. दुसरीत मधेच कुकरची शिट्टी आलीय. पुन्हा करूया म्हटलं, तर म्हणाली, “असू दे रे, जेवायची वेळ झाली हे कळतं त्यातून.”