माहिती चौकट : गांजाचा महसूल

पुण्यात बिबवेवाडीलगतच्या मार्केट यार्डात कांद्याची गोणी काट्यावर चढते, लिलावात भाव पुकारला जातो आणि आडत्याची हिशेबपट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. गांजाचा असा उघड व्यवहार आज संभवत नसला, तरी इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात, विशेषतः अहमदनगर जिल्ह्यात, हे पीक राजरोस घेतले जाई व विक्रीचे मक्ते देऊन अबकारी खाते त्यातून महसूल मिळवीत असे. १८९३ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने सुमारे १,२०० साक्षी नोंदवून, सरसकट बंदी अनावश्यक असून परवाना, मर्यादित लागवड आणि पुरेसा कर हाच इष्ट मार्ग होय, असा अभिप्राय दिला.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्याच्या कक्षेत गांजाही होता. १९८५ च्या अमली पदार्थविषयक एनडीपीएस कायद्याने देशभर गांजा निषिद्ध ठरविला, भांगेची पाने तेवढी व्याख्येबाहेर राहिली. गांजाचा महसूल गेला आणि तपास, खटले व तुरुंग यांचा खर्च सरकारच्या माथी आला.

तथापि कायदेशीर केल्याने तिजोरी आपोआप भरेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कॅनडात २०१८ पासून दर ग्रॅमला १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांपैकी जे अधिक ते शुल्क घेतले जाते; भाव कोसळल्यावर हे ठरीव शुल्कच उत्पादकांच्या मुळावर आले. कर बाजारभावाशीच निगडित असावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

मद्य, अफू व गांजा यांवरील अबकारी कराचा अधिकार घटनेच्या राज्यसूचीतील ५१ व्या नोंदीनुसार आजही राज्यांकडेच आहे.