देवणीहून गुलमर्गला : स्कीच्या प्रवासाची बांधाबांध

देवणीसारख्या गांवीं थंडी म्हणजे पौषांतील चार रात्री अंगणांत शेकोटी पेटविण्याचें निमित्त. बर्फ आम्हीं पाहावयाचा तो लग्नकार्यांतील लाद्यांच्या रूपानें. असें असतां गेल्या वर्षीं आमची पुतणी गुलमर्गला स्की शिकावयास निघाली, तेव्हां साऱ्या घरानें मिळून तिची बॅग भरली. ज्याला जें सुचलें तें त्यानें आंत घातलें : सुती बनियनें, जाड जीनच्या विजारी, भलीथोरली रजई, शिवाय खोबऱ्याच्या वाट्या. विमानतळावर वजन जास्त भरलें, बॅग उघडावी लागली; आणि पुढें विमानबदलांत ती मागें राहिली ती तिसऱ्या दिवशीं पोंचली. मधले दोन दिवस पोरीनें अंगावरच्या सुती कपड्यांनिशीं बर्फांत काढले व ताप घेऊन ती परत आली. चूक विमानवाल्यांची होती, तशी आमचीहि होती. यंदा तिचा धाकटा भाऊ निघाला आहे. म्हणून या खेपेस जी तयारी केली, ती वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटून येथें देत आहें.

पहिला प्रश्न, काय न्यावें आणि काय नेऊं नये हा. गुलमर्ग सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथें इंग्रजांनीं १९२७ सालीं स्की क्लब स्थापन केला, तेव्हांपासून या खेळाची तेथें परंपरा आहे. आज केंद्रीय पर्यटन खात्याची शिक्षणसंस्थाहि तेथें आहे. त्यामुळें स्की, काठ्या, बूट व शिरस्त्राण हीं तेथेंच भाड्यानें मिळतात. नवशिक्यानें हें लांबट व जड सामान विकत घेऊन विमानांतून नेण्यांत अर्थ नाहीं. देशांतर्गत प्रवासांत बहुतेक कंपन्या साधारणतः १५ किलो सामान व ७ किलो हातसामान नेऊं देतात. स्कीकरितां निराळा आकार पडूं शकतो. आमचा नियम असा ठरला कीं, जें कठीण व जड तें भाड्याचें, आणि जें कातडीला लागतें तें आपलें.

कातडीला लागणारा कपडा सुती मात्र नसावा. पाणी हवेच्या सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें, आणि सुताला घाम किंवा बर्फ लागला कीं तें ओलें होऊन अंगाला चिकटतें. आपल्याकडील धनगर भर पावसांत मेंढ्यांमागें जातो तो घोंगडी घेऊन. कारण लोकर भिजली तरी पुष्कळशी ऊब धरून ठेवते. त्याचें हें शहाणपण बर्फांतहि खरें ठरतें. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर उबदार स्वेटर, व सर्वांवर वारा-पाणी अडविणारें जाकीट व विजार असे तीन थर असावेत. एकच जाड कपडा असल्यास चढतांना घाम फुटतो व थांबल्यावर तोच घाम गारठवितो. थर असले म्हणजे काढतां-घालतां येतात.

पायांकडे अधिक लक्ष द्यावें. स्कीच्या बुटाचें माप बहुधा पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरांत असतें. संध्याकाळीं, पाय थोडे फुगलेले असतां, कागदावर उभें राहून टांचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी मोजून लिहून ठेवावी. मोजा लोकरीचा, पातळ व एकच असावा. दोन जाड मोजे कोंबल्यास रक्ताभिसरण अडून पाय उलट थंड पडतात. बूट स्कीला ज्या पकडीनें बसतो, तिचा ताण स्कीपटूचें वजन, उंची, वय, कसब व बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरवितात. तो जास्त झाला तर पडतांना बूट सुटत नाहीं व गुडघा मुरगळतो. कमी झाला तर नको तेव्हां सुटतो. पुतणीनें लाजून वजन चार किलो कमी सांगितलें होतें, आणि तिची स्की वारंवार निसटत होती ती कां, हें तिला मागाहून कळलें. येथें संकोच नको.

डोळ्यांची हयगय तर मुळींच करूं नये. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण शेंकडा ८० पर्यंत परावर्तित करतो, व उंचीबरोबर ते प्रखर होतात. उघड्या डोळ्यांनीं दिवस काढल्यास रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून काळा चष्मा, चेहऱ्यास लावावयाचें मलम, पाणी न शिरणारे हातमोजे व कान झांकणारी टोपी हीं घरूनच न्यावींत.

आतां बॅग. अंगालगतच्या कपड्यांचा एक जोड, हातमोजे, चष्मा, टोपी व औषधें हातसामानांत घालावींत. मोठी बॅग चुकली तरी पहिले दोन दिवस निभतात. वरचें जाकीट अंगावरच घ्यावें. फोन भारण्याची पॉवर बँक मोठ्या बॅगेंत ठेवण्यास मनाई आहे. ती हातसामानांतच हवी, व तिची शक्ति १०० वॅट-तासांपेक्षां अधिक नसावी. लाल तिखट हातसामानांत नेतां येत नाहीं. सुक्या खोबऱ्याची वाटी तर तेलामुळें पेट घेण्याच्या भीतीनें मोठ्या बॅगेंतहि चालत नाहीं. त्याऐवजीं धपाटे व गूळ-शेंगदाण्याचे लाडू द्यावेत.

देवणीहून हैदराबादचें विमानतळ दोनशें किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथून श्रीनगर, आणि पुढें गुलमर्गपर्यंत सुमारें पन्नास किलोमीटरांची सडक. बर्फ पडल्यास सडक व विमान दोन्हीं थांबतात, म्हणून जातां-येतां एकेक दिवस हातीं राखावा.

काल रात्रीं धान्य तोलण्याच्या कांट्यावर बॅग ठेविली. साडेबारा किलो भरली. पुतणीनें हातसामान पुन्हां उघडून हातमोजे आहेत ना हें पाहिलें, आणि मग भावाला चेन लावूं दिली.