रंग न लागणाऱ्या भिंती

‘बॉम्बे’ रक्तगटाला नाव मिळालं मुंबईचं, पण तो असलेल्या अनेक कुटुंबांची मुळं रत्नागिरी-सिंधुदुर्गात सापडतात. तपासणीत हे रक्त ‘ओ’सारखं दिसतं, आणि ‘ओ’ रक्त चढवायला जावं तर त्याच्याशीही भांडतं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा गट जगापुढे मांडला. सगळं कोडं एका साखरेपाशी येऊन थांबतं. तांबड्या पेशींवरच्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली गेली की ‘एच’ हा प्रतिजन तयार होतो. ‘ए’ आणि ‘बी’ त्याच्यावर रचले जातात. बॉम्बे गटाच्या माणसांत ही जोडणी करणारं विकरच चालत नाही. म्हणून ‘एच’ नाही, आणि पायाच नाही म्हटल्यावर ‘ए’-‘बी’ही नाहीत.

हाच ‘एच’ आपल्याला थेट यकृतापर्यंत नेतो. वाट दाखवली एका काटेरी झुडपानं. यूलेक्स युरोपियस हे पश्चिम युरोपातलं पिवळ्या फुलांचं झुडूप, आपल्या वाल-पावट्याच्याच कुळातलं; निलगिरीत ते परकं तण म्हणून माजलंय. त्याच्या बियांतलं एक प्रथिन नेमकं ‘एच’ला जाऊन चिकटतं. बॉम्बे गट पडताळताना ते कामी येतंच, पण १९८२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही ते चिकटतं, कारण ‘एच’ तिथेही असतो. प्रथिनाला रंग जोडायचा, ऊतीच्या पातळ कापावर सोडायचं, की सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्यांच्या भिंती उठून दिसतात. निरोगी यकृतात मात्र गंमत होते. मोठ्या वाहिन्या रंगतात, आणि त्यांच्यामधलं बारीक वाहिन्यांचं दाट जाळं जवळजवळ कोरं राहतं.

या बारीक वाहिन्यांना सायनुसॉइड म्हणतात, आणि त्यांचं अस्तर शरीरातल्या इतर कुठल्याही अस्तरासारखं नाही. १९७० मध्ये संशोधक एडी विसे यांनी उंदराच्या यकृतात वाहिन्यांमधूनच रसायन सोडून पेशी होत्या तशा गोठवल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींना भोकं होती! चाळणीसारखी, झुबक्या-झुबक्यांनी, आरपार. एकेक भोक साधारण ५० ते २०० नॅनोमीटरचं. तांबडी पेशी त्याच्या कितीतरी पट मोठी. साध्या सूक्ष्मदर्शकाला ही भोकं नीट दिसणं शक्यच नव्हतं, कारण प्रकाशाची स्वतःची मर्यादा तिथे आडवी येते.

इतर केशवाहिन्यांच्या अस्तरामागे एक पायाभूत पडदा असतो. इथे तोही जवळपास नाही. त्यामुळे आतड्यांकडून आलेल्या रक्तातला द्रव भोकांतून थेट यकृतपेशींना भिडतो, तांबड्या पेशी मागे राहतात.

पण या पेशींना नुसत्या चाळण्या समजणं अन्याय होईल. त्या रक्तातला कचरा गिळतात. सांध्यांत, त्वचेत असणारा हायलुरोनन नावाचा पदार्थ झिजून रक्तात आला की काही मिनिटांतच त्याचा फडशा पडतो, आणि ते काम मुख्यतः यांचंच. त्याला पकडणारा स्टॅबिलिन-२ हा त्यांच्या अंगावरचा रेणू आज त्यांची ओळखखूण म्हणून वापरतात. रक्त गोठवणारा ‘फॅक्टर ८’ही मुख्यतः त्याच बनवतात. म्हणून तर या घटकाची उणीव असलेल्या हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णाला दुसऱ्या कारणासाठी नवं यकृत बसवलं, तरी त्याचा रक्तस्रावाचा आजार नाहीसा होतो.

दारू, कावीळ ‘बी’ किंवा ‘सी’, साचलेली चरबी, अशा कशानंही यकृत निबर होऊ लागलं की या पेशी बदलतात. भोकं बुजतात, मागे पडदा तयार होतो, आणि इतके दिवस कोरी राहिलेली भिंत यूलेक्सचा रंग घ्यायला लागते. इतरत्र निरोगी वाहिनीची असलेली खूण इथे आजाराची ठरते, हा उलटेपणा मला फार आवडतो. बॉम्बे गटाच्या माणसाच्या यकृतावर मात्र ही युक्ती चालायची नाही. त्याच्या मोठ्या वाहिन्यांतही ‘एच’ नाही, म्हणजे सगळंच कोरं. एका खुणेवर विसंबू नये ते यासाठी. स्टॅबिलिन-२ सोबत सीडी३२बी, सीडी३४ अशा इतर खुणाही तपासतात.

२०१८ मध्ये टोरांटोच्या गटानं पाच दात्यांच्या यकृतांतल्या ८,४४४ पेशी एकेक करून तपासल्या आणि प्रत्येकीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं. त्यात सायनुसॉइडच्या अस्तराचेही दोन प्रकार निघाले: रक्त आत येतं त्या बाजूचा एक, बाहेर पडतं त्या बाजूचा दुसरा. अशा पेशी काचेच्या बशीत जिवंत ठेवून अभ्यासाव्यात म्हटलं, तर नवी अडचण उभी राहते. शेजारच्या यकृतपेशी आणि वाहतं रक्त तुटलं की दोन-तीन दिवसांत त्यांची भोकं मिटू लागतात, आणि बशीत उरतं ते कुठल्याही वाहिनीचं असावं तसं साधं अस्तर.